तांडेलचा तिसरा पाय

तांडेल लंगडत आला तेव्हा गोदूबाई बोंबील टांगत होती. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा, जोडी बांबूवर टाकायची, पुढची उचलायची. चाळीस वर्षांचं काम. हात आपले आपण चालतात आणि डोळे मोकळे राहतात. गोदूबाईचे डोळे मात्र कधी रिकामे बसत नसत. उत्तनपलीकडच्या चौक गावच्या किनाऱ्यावर कोण कोणाशी बोललं, कोणाच्या टोपलीत काय होतं, कोण कोणाला बघून वाट बदलून गेलं, हे सगळं तिला संध्याकाळी बिनचूक सांगता येत असे.

कुत्रा पुढचा डावा पाय टेकत होता आणि लगेच उचलत होता. प्रत्येक पावलाला त्याचं डोकं वर झटकलं जायचं. तिच्यापाशी येऊन तो बसला नाही, अंग टाकून पडला.

तांडेल हे नाव तिच्या नवऱ्याने, महिपतने, ठेवलेलं. होडीवरचा मुख्य माणूस म्हणजे तांडेल. हे तांबूस पिल्लू पहिल्यापासून किनाऱ्याला लागलेल्या होडीच्या नाळेवर, पुढच्या उंच टोकावर जाऊन, समुद्राकडे तोंड करून असं उभं राहायचं, की महिपत म्हणाला, आता माझी गरज संपली, नवा तांडेल आला. महिपतला जाऊन तीन वर्षं झाली होती. कुत्रा सहा वर्षांचा झाला होता आणि दिवसातले चार तास अजून नाळेवर काढत होता.

गोदूबाईने पाय मांडीवर घेतला. किनाऱ्यावरचं कुत्रं लंगडलं की पहिला संशय गळाचा. मग शिंपल्याची धार, काच, खिळा. तिने बोटं फाकवून पाहिली, नखं एकेक हलवून पाहिली, तळवा दाबला. रक्त नाही, जखम नाही, काही रुतलेलं नाही. मनगटापाशी दाबल्यावर मात्र त्याने पाय ओढून घेतला आणि तिचा हात चाटला.

"म्हंजे कोनी तरी मारलाय," ती म्हणाली, आणि तिने मान वर केली.

पन्नास पावलांवर काशीनाथ ताडपत्रीवर जवळा पसरत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

काशीनाथ म्हणजे महिपतचा चुलतभाऊ, गोदूबाईचा धाकटा दीर. दोघांच्या बोंबलाच्या बांबूंच्या रांगा शेजारी शेजारी. गेल्या वर्षी वाऱ्याने दोन्ही रांगा पडल्या आणि पुन्हा उभ्या करताना काशीनाथने शेवटचा खांब दीड हात आपल्या फायद्याला सरकवला, असं तिचं म्हणणं होतं. तेव्हापासून बोलणं कामापुरतं. आणि आठच दिवसांपूर्वी तांडेल त्याच्या ओल्या जवळ्यावर जाऊन लोळला होता. त्या वेळी काशीनाथ चार बायकांच्या देखत म्हणाला होता, "वयनी, कुत्र्याला आवर. एक दिस त्याचा पाय मोडंल, मंग मना बोलू नको."

ते वाक्य तिने तेव्हाच पदराला गाठ मारून ठेवलं होतं.

घरी आणून तिने हळद आणि चुना गरम करून मनगटावर लेप दिला, वर फडकं बांधलं. तांडेलने ते संध्याकाळपर्यंत चावून काढलं. सून दिव्या दुकानातून आली. भाईंदरला चष्म्याच्या दुकानात ती कामाला होती. मूळची तिथलीच, नवघरकडची. गोदूबाईचा मुलगा निकेत बोटीवर गेलेला, तीन आठवड्यांनी यायचा होता. त्यामुळे घरात दोघी बायका आणि कुत्रा.

"आई, डॉक्टरला दाखवायचं का?" दिव्याने विचारलं.

"डॉक्टर काय सांगनार? काठी कोनाच्या हातात होती ते सांगनार?"

दिव्याने फोन काढून लंगडणाऱ्या कुत्र्याचं थोडं चित्रण केलं. नवऱ्याला पाठवायला असेल, असं गोदूबाईला वाटलं. मग वाटलं, माहेरी पाठवत असेल.

पुढचे दिवस गोदूबाईने पुरावे गोळा करण्यात घालवले. काशीनाथची बायको रोज सकाळी हाक मारायची, ती दोन दिवस तोंड बांधून, न बोलता गेली. तिची दाढ दुखत होती, हे नंतर कळलं; पण त्या दिवशी तो पुरावाच होता. काशीनाथच्या आडोशाला टेकवलेल्या काठीच्या टोकाला तांबूस काहीतरी चिकटलेलं तिला दिसलं. काथ्याचे धागे तांबूस असतात हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी तिने ते केस म्हणूनच लक्षात ठेवलं.

तिसऱ्या दिवशी तांडेल बरा चालला. गोदूबाईला वाटलं, झालं, लेपाने उतरलं. पाचव्या दिवशी दुपारी ती पाणी पिऊन बाहेर आली, तर तो नाळेवरून खाली उतरायला बघत होता आणि उतरवत नव्हतं. शेवटी कसाबसा घसरून खाली आला. आता मागचा उजवा पाय. तो टेकवायचाच नाही, असं ठरवल्यासारखा अधांतरी धरलेला.

"पुन्हा मारलान," तिने त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हटलं. "आता मागनं मारलान."

त्या दिवशी तिने हिशेब केला: पहिल्यांदा पाय गेला तेव्हा काशीनाथ किनाऱ्यावर होता. बरा झाला त्या दिवशी तो बर्फ आणायला टेम्पो घेऊन गेला होता. आज तो परत किनाऱ्यावर होता. तिला वाटलं, याहून सरळ गोष्ट कोणती असणार? काशीनाथ किनाऱ्यावर तर रोजच असायचा, पण हे तिच्या मनात आलं नाही.

कुत्रा कण्हत होता. ते ऐकवेना म्हणून तिने स्वतःच्या गुडघेदुखीची गोळी मोडली आणि अर्धी भाकरीच्या तुकड्यात घालून त्याला दिली. थोड्या वेळाने तो झोपला. दुसऱ्या दिवशी उरलेली अर्धी दिली. ही गोष्ट तिने दिव्याला सांगितली नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नाही.

मग ती पाळतीवर बसली. जाळ्यांच्या ढिगाऱ्यामागे, मांडीवर सूप घेऊन, जवळ्यातला कचरा निवडायचं सोंग करत. ऊन चढलं, बोंबलांचा वास दाटला. तांडेल एका होडीच्या सावलीत पडला होता. बराच वेळ काही झालं नाही. आणि मग काशीनाथ आला. त्याच्या हातात काठी होती. त्याने इकडेतिकडे पाहिलं, कुत्र्याशेजारी उकिडवा बसला, काठी वाळूत ठेवली आणि त्याचा मागचा पाय हातात धरला. मग पुढचा. तांडेल कुंईकुंई करू लागला.

गोदूबाई उठली तेव्हा तिच्या मांडीवरचं सूप वाळूत पालथं झालं.

"सोड त्याला," ती लांबूनच म्हणाली. आवाज असा लागला होता की म्हावरा निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. "दोन पाय मोडून पोट भरला न्हाय तुझा? मुक्या जनावरावर मर्दानगी दाखवतोस? जवळा खराब झाला तर माझ्याकडून पैसे घ्यायचेस, कुत्र्याच्या पायानं कशाला वसूल करतोस?"

काशीनाथ उभा राहिला. त्याचा चेहरा आधी गोंधळला आणि मग बंद झाला. "मी पाय बघत होतो, वयनी. परवा पुढचा पाय धरत होता, आता मागचा धरतोय. मना वाटला—"

"काठी घेऊन पाय बघत होतास?"

"काठी म्हावरा वळवायची हाय."

"आन् तिला केस कसले?"

त्याने काठीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. सगळ्या बायका बघत होत्या. काशीनाथला पंचावन्न वर्षांत कोणी किनाऱ्यावर असं बोललं नव्हतं. त्याने काठी उचलली आणि काही न बोलता निघून गेला. गोदूबाईला वाटलं, खरं असतं तर भांडला असता. गप्प गेला म्हणजे त्यानेच केलं.

दोन बायकांनी तिची बाजू घेतली. एक जण म्हणाली, काशीनाथ तसला न्हाय. त्या बाईशीही गोदूबाईने त्या दिवसापासून बोलणं तोडलं.

आता एकच उपाय होता. तिने तांडेलला घरात आणला आणि मागच्या खोलीत, जुन्या कुडाच्या भिंतीपाशी, दोरीने बांधून ठेवला. खिडकी लावली. घरात कोणी नसताना दाराला कुलूप. आता बघते कोण मारतो ते, असं ती शेजारच्या अंगणाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली.

एक दिवस गेला. दुसरा गेला. तांडेल खात नव्हता. पहिल्या दिवशी अर्धी भाकरी, दुसऱ्या दिवशी फक्त पाणी. तिने बोंबलाचं कालवण पुढे ठेवलं, त्याने नाक लावून तोंड बाजूला केलं. दिव्या म्हणाली, "आई, त्याचं अंग केवढं तापलंय. मी सांगतेय ना, नेऊ या." गोदूबाई म्हणाली, माराने ताप येतो, उतरेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती बाजारातून आली. दिव्याची त्या दिवशी सुट्टी होती, ती घरीच होती. गोदूबाईने तांडेलला बाहेर नेण्यासाठी दोरी सोडली. तो उठला. पहिल्यांदा दुखावलेला पुढचा डावा पाय नीट टेकला. मागचा उजवा, थोडा आखडून का होईना, टेकला. आणि पुढचा उजवा पाय त्याने उचलून छातीशी धरला.

गोदूबाई दारात तशीच उभी राहिली. तिसरा पाय. घरात बाहेरचं कोणी आलं नव्हतं. खिडकी बंद होती. काशीनाथ दोन दिवस बर्फाच्या कामाला बाहेर होता, हे तिला माहीत होतं, कारण त्याच्या जाण्यायेण्यावर तिचा पहारा होता.

मग घरात कोण होतं?

हा प्रश्न मनात आला आणि त्याचं उत्तरही सोबतच आलं. सकाळी आठला ती टोपली घेऊन निघायची. दिव्याचं दुकान अकराला उघडायचं, ती दहाला निघायची. मधले दोन तास दिव्या आणि कुत्रा एकटे. आज तर सकाळपासून. कुत्र्याचे केस कपड्यांना लागतात म्हणून दिव्या कुरकुरायची. गेल्या महिन्यात म्हणाली होती, याला अंगणात ठेवू या, याच्या अंगावर किडे झालेत. भाईंदरची पोरगी, बिल्डिंगमध्ये वाढलेली. तिला किनारा आवडला नाही, वास आवडला नाही, कुत्रा तरी कसा आवडेल?

दिव्या स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. गोदूबाई तिच्यामागे जाऊन उभी राहिली.

"तू त्याला काय केलास का?"

दिव्याला आधी कळलंच नाही. "कोणाला?"

"घरात दुसरा कोन व्हता?"

सुरी थांबली. दिव्याने मागे वळून पाहिलं. ती रडेल किंवा ओरडेल असं गोदूबाईला वाटलं होतं, आणि दोन्हीला उत्तर तिच्यापाशी तयार होतं. दिव्याने यातलं काहीच केलं नाही. हात धुतले, पदराला पुसले, फोन आणला आणि गोदूबाईच्या हातात दिला.

"हे बघा. पहिल्या दिवशी, पुढचा डावा. हा पाचवा दिवस, मागचा उजवा. हा काल सकाळचा, बघा, मागचाच, पण पुढचाही थरथरतोय. मी रोज काढतेय. कोणी मारत असतं तर डावा बरा करून मग उजवा मारला असता का? आणि मीच मारत असते तर हे कशाला काढून ठेवलं असतं?"

गोदूबाईने फोनच्या पडद्यावर कुत्रा पाहिला. रोज डोळ्यांसमोर असलेला कुत्रा तिला पहिल्यांदा असा दिसला, बाहेरून. दिवसागणिक तो वाळत गेला होता. पहिल्या दिवशी शेपूट हलत होती. तिसऱ्या चित्रात नुसती लोंबत होती.

दिव्या मागच्या खोलीत गेली आणि तिथूनच तिने हाक मारली. "आई, इकडे या. लवकर."

तांडेलच्या नाकातून रक्ताचा एक बारीक ओघळ आला होता. दिव्याने त्याचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्या फटक पडल्या होत्या.

रिक्षावाले दोन आले; कुत्र्याच्या नाकातलं रक्त बघून दोघेही नको म्हणाले. बसमध्ये घेणार नव्हते. चौक गावात त्या वेळी टेम्पो एकच होता, नुकताच परत आलेल्या काशीनाथचा.

"त्याला न्हाय विचारायचा," गोदूबाई म्हणाली.

"तुम्ही विचारू नका. मी विचारते," दिव्या म्हणाली आणि चपला न घालताच गेली.

पाच मिनिटांत टेम्पो दारात आला. एवढ्या चटकन हो म्हणाला, हे गोदूबाईला खटकलं. मनात काही असल्याशिवाय कोण असं धावत येतं? तिने काशीनाथशेजारी बसायचं नाकारलं. मागच्या हौद्यात, रिकाम्या क्रेटच्या मध्ये, ती कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. दिव्या पुढे बसली. उत्तन मागे पडलं, राई आणि मुर्धा मागे पडली. खड्डा आला की टेम्पो हळू व्हायचा. काचेतून तिला काशीनाथच्या मानेचा मागचा भाग दिसत होता. तो एकदाही वळला नाही. तिची नजर सबंध वाट त्याच मानेवर होती.

भाईंदर पश्चिमेच्या एका गल्लीत जनावरांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टर संचिता पस्तिशीच्या, बारीक आवाजाच्या. गोदूबाईने त्यांना पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी तसं सगळं सांगायला सुरुवात केली: जवळा, धमकी, काठी, केस. डॉक्टर तोवर कुत्र्याचा ताप बघत होत्या.

"आजी, कोणी मारलं ते आपण नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आधी मला सांगा, पहिल्या दिवशी कुठला पाय?"

दिव्याने फोन पुढे केला. डॉक्टरांनी तिन्ही चित्रं दोनदा पाहिली. मग तांडेलचे चारही पाय त्यांनी सांध्यासांध्यावर दाबून पाहिले. मनगट, कोपर, गुडघा. तीन सांधे सुजलेले आणि गरम होते. ते गोदूबाईच्या हातालाही लागले, डॉक्टरांनी तिचा हात धरून तिथे ठेवला तेव्हा. मग त्यांनी कुत्र्याच्या कानाच्या आत बोट घातलं आणि काहीतरी चिमट्याने काढून तळहातावर ठेवलं. मुगाएवढी करडी गोचीड. दुसऱ्या कानातून तीन निघाल्या. पायाच्या बोटांच्या मधून दोन.

त्या बोटांच्या मध्ये गोदूबाईने स्वतः पाहिलं होतं. पण ती गळ शोधत होती, खिळा शोधत होती. गोचिडी तर कुत्र्याला असायच्याच.

रक्त काढून तपासायला अर्धा तास लागला. तेवढा वेळ गोदूबाई बाकावर बसून राहिली. कुत्र्याचं रक्त कशाला हवं, एवढं काढून कमी नाही का होणार, हेही तिच्या मनात आलं. पण कोणापाशी बोलायचं ते कळेना.

"गोचिडीचा ताप आहे," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या. "गोचीड चावते, तिच्यातून जंतू रक्तात जातात. सांधे सुजतात. आज हा, उद्या तो. म्हणून पाय बदलत होता. मार लागलेला पाय तोच राहतो, आजी. लंगडणं एका पायातून दुसऱ्या पायात गेलं, की काठी शोधायची नाही, आजार शोधायचा."

"पन नाकातून रक्त?"

"रक्त थांबवणाऱ्या पेशी अगदी कमी झाल्यात. एक विचारते. घरी काही औषध दिलंत?"

"लेप दिला. हळद-चुन्याचा."

"पोटात काही?"

गोदूबाईने दिव्याकडे पाहिलं. दिव्या तिच्याकडे बघत होती. "माझ्या गुडघ्याची गोळी हाय. ती मोडून दिली. दोनदा. कन्हत होता म्हनून."

डॉक्टर हातातला कागद बाकावर ठेवून तिच्याशेजारी बसल्या. "माणसांची दुखण्याची गोळी कुत्र्याला द्यायची नाही. कधीच नाही. पोटात आतून रक्त जातं, किडनीला धक्का बसतो. आणि याचं रक्त आधीच थांबत नव्हतं. तुम्ही प्रेमाने दिलीत, मला कळतंय. पण कोणी मारलं असतं त्यापेक्षा जास्त अपाय त्याला त्या गोळीने झालाय."

गोदूबाईच्या कानात ते वाक्य बराच वेळ फिरत राहिलं. इतके दिवस ती ज्या माणसाला शोधत होती, तो सापडला होता.

दिव्यानेच पुढचं विचारलं. "पुन्हा असं काही झालं तर आम्ही कधी आणायचं? नुसतं लंगडला की लगेच?"

"नुसतं थोडं लंगडतोय, पण खातोय, पाय टेकतोय, तर एकदोन दिवस त्याला उड्या मारू देऊ नका आणि बघा. दोन दिवसांत उतरलं नाही तर आणा. पाय टेकतच नसेल, वाकडा दिसत असेल, सुजला असेल, तर त्याच दिवशी. आणि लंगडण्यासोबत ताप, न खाणं, पांढऱ्या हिरड्या, कुठून रक्त, यातलं काहीही दिसलं तर तासाचाही उशीर नको. अजून दोन दिवस थांबला असतात तर त्याला इथे आणायची वेळच आली नसती."

"आता वाचंल?" गोदूबाईने विचारलं.

"आज सांगत नाही. रोज सलाईन लागेल, पाच दिवस. औषध महिनाभर. पहिले तीन दिवस महत्त्वाचे."

दोघींनी तांडेलला चादरीत उचलून बाहेर आणलं. टेम्पो तिथेच होता. काशीनाथ चाकाला टेकून उभा होता. तीन तास तो थांबला होता.

गोदूबाईने त्याला सांगितलं. एकेक शब्द दगडासारखा उचलत. गोचीड, ताप, सांधे. गोळीचंही सांगितलं, कारण ते ठेवून बाकीचं सांगितलं असतं तर ते खोटंच झालं असतं. शेवटी म्हणाली, "तू न्हाय मारलास."

"मना ठाव हाय," काशीनाथ म्हणाला.

"मंग थांबलास कशाला? मी एवढा बोलल्यावर?"

"कुत्र्याशी माझा भांडन न्हाय, वयनी. कुत्रा जवळ्यावर बसतो, आन् त्याची मालकीन सांगून ऐकत न्हाय. तिच्याशी हाय." त्याने हौद्याची फळी खाली केली. "उद्या आठला निघंन. त्याला घेऊन ये. पाच दिस म्हनली ना डॉक्टरीन, पाच दिस नेतो. पन एक हाय. बोललीस चारचौघींत. हितं मना एकट्याला सांगून काय उपयोग?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, म्हावरा निवडायला बायका जमल्या तेव्हा, गोदूबाई किनाऱ्यावर गेली. बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "काशीनाथनं कुत्र्याला हात लावला न्हवता. मी बोलले ते खोटा व्हता. कुत्र्याला आजार हाय, गोचिडीचा. आन् मी माझी गोळी दिली तिनं तो जास्त बिघडला." पाठीमागे काशीनाथ बर्फाचे क्रेट चढवत होता. त्याचा हात थांबला नाही, पण क्रेट आता न आदळता हळू ठेवले जाऊ लागले. एका बाईने विचारलं, गोचीड कशी दिसते, आमच्या काळ्या कुत्रीला पण हायत. गोदूबाईने मुगाचा आकार बोटावर दाखवला. ज्या बाईशी तिने बोलणं तोडलं होतं तिने तिला बसायला जागा करून दिली.

तिसऱ्या दिवशी तांडेलने सलाईनची सुई लावलेली असतानाच मान उचलली. चौथ्या दिवशी त्याने मऊ भात खाल्ला. पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, पेशी वाढायला लागल्यात. पुढचा उजवा पाय कदाचित थोडा आखडलेला राहील, नाळेवर चढायचं महिनाभर बंद.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिडी म्हणजे दोन आणे. चौदा आणे भिंतीच्या फटींत असतात. ज्या कुडाच्या भिंतीपाशी गोदूबाईने त्याला सुरक्षित म्हणून बांधून ठेवला होता, तिथे सगळ्यात जास्त होत्या.

रविवारी दिव्याने साडी खोचली, मागची खोली रिकामी केली आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध फवारायला घेतलं. गोदूबाई ताकद लावून जुना कूड खरवडत होती. काम न थांबवता ती म्हणाली, "काशीनाथची माफी मागितली मी. लोकांत."

"ऐकलं मी."

"तुझी न्हाय मागितली."

दिव्या फटीत औषध सोडत राहिली. "काशीनाथकाकांना तुम्ही चारचौघींत बोललात, तिथेच माघार घेतलीत. मला बोललात तेव्हा ऐकायला कोणीच नव्हतं, आई. ते कुठे जाऊन मागे घेणार?"

इतके दिवस गोदूबाईपाशी उत्तरंच उत्तरं होती. खरवडायचं सोडून ती दिव्याजवळ येऊन उभी राहिली. दिव्याने मान वळवून पाहिलं नाही, पण औषधाचा डबा खाली ठेवला आणि बॅटरी उचलून तिच्या हातात दिली.

"या कोपऱ्यात धरा," ती म्हणाली. "मला नीट दिसत नाहीये."

गोदूबाईने उजेड धरला. फटीत चारपाच करडे ठिपके हलले.

"हायत," ती म्हणाली. "लई हायत. हितं आधी टाक."